तेराव्या फोननंतर

९ ऑक्टोबर, सोमवार

पोचले एकदाची! व्हॅनचा क्लच शेवटचे चाळीस किलोमीटर रडत होता, पण आणलंन मला. फाटकावरच्या शिपायाने आधी माझे अनवाणी पाय बघितले, मग ओळखपत्र, मग परत पाय. कॉर्पोरल कॅलम रॅफर्टीची बहीण म्हटल्यावर हसला. म्हणाला, तरीच, त्याचेही मोजे कधी जोडीचे नसतात.

कॅल शुक्रवारी जातोय, सहा महिन्यांसाठी. कुठे ते त्याने सांगितलं नाही. बूट वाळूतले दिलेत, त्यावरून काय ते ओळखायचं. त्याला बायको नाही आणि आम्हाला आईबाप नाहीत. त्याला मी आणि मला तो, झालं. म्हणून घर आणि कोबर नावाचा कुत्रा मी सांभाळायचा. तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात घराची किल्ली आलीय. संडासात एक हिरवागार बेडूक राहतो. कॅल म्हणतो, ब्री, तो जुना भाडेकरू आहे, त्याला उठवायचं नाही.

वस्ती घोड्याच्या नालेसारखी वळलेली आहे. एकाच साच्यातली पंधरा घरं, मधे मोकळं मैदान. आमचं चौदावं, पंधरावं रिकामं. मी गादी उतरवतेय तोवर बायका भांडी घेऊन हजर! ट्यूना घालून भाजलेला मॅकरोनी, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, आणि तेरा नंबरच्या लोसाने सोयामध्ये परतलेल्या शेवया आणल्या, पातेलंभर. लोसा मूळची सामोआची, हसली की खांद्यापासून हलते. माझे हात बघून म्हणाली, बये, हे हात आहेत की झाडू? खा आधी.

तीन वेळा जेवले. बोवेनला आंबे तोडायला होते तेव्हा एकदा दिवसभर नुसते आंबेच खाल्ले होते, त्याची आठवण... ते राहू दे. पोट तट्ट फुगलंय. मजा आहे.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

कॅल गेला. विमानाच्या गोदामात बँड वाजत होता, पावात गुंडाळलेले सॉसेज फुकट होते, पोरं तोफेवर चढून बसलेली. लोसाचा नवरा टाविता माझ्या भावाच्याच तुकडीत आहे. ताडमाड माणूस, पण धाकट्याला खाली ठेवताना त्याची हनुवटी थरथरत होती. कॅलने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, भटके, सहा महिने एका जागी थांबून दाखव, पैज. मी म्हटलं, तू धड परत येऊन दाखव, पैज. मग त्याला मागे वळून बघता आलं नाही आणि मलाही.

मला सांभाळलं ग्लेनिसने. ग्लेनिस म्हणजे पलटणीच्या सुभेदार मेजरची बायको, तिचा नवराही आजच गेला. पन्नाशीची, इस्त्रीचा ब्लाउज, कानात मोती. मैदानाच्या कडेला जे कुटुंब-मदत केंद्र आहे ते तीच चालवते. तिने माझं नाव फोनच्या साखळीत घातलं. काही बातमी असली की ग्लेनिस एक नंबरला फोन करणार, एक दोनला, दोन तीनला, असं करत तेरा नंबरची लोसा मला. मी शेवटची. म्हणाली, बाळा, इथे कुणी एकटं नसतं.

खोटं कशाला लिहू, रडले.

२० ऑक्टोबर

रोज केंद्रात जाते. तिकडे पाठवायच्या खोक्यांत बिस्किटं, मोजे आणि पोरांच्या हाताचे ठसे भरायचे. मी दहावीला शाळा सोडली, पण सायकल दुरुस्त करता येते, त्यामुळे सगळ्या वस्तीच्या सायकली माझ्याकडे. परवा एक बाई आपल्या पोराला सांगत होती, जा, आपल्या ब्रीकडे घेऊन जा. आपल्या! मी चाक उलटं बसवलं त्या नादात.

आज लोसाने पांढऱ्या गाडीचं सांगितलं. तिकडे कुणाचं काही झालं तर फोन येत नाही. पांढरी गाडी येते, दोन माणसं समारंभाच्या गणवेशात, हातात फाइल. दारावर थाप मारतात. त्यामुळे वस्तीत कुणी पांढरी गाडी घेत नाही. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याची व्हॅन पांढरी होती, तर त्याला एक बाई दार उघडेना. कपडे कुजले पण दार नाही. शेवटी बिचाऱ्याने व्हॅन पोपटी रंगवली. लोसा हे सांगताना एवढी हसली की चहा नाकात गेला. मग एकदम उठून टेबल पुसत बसली.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी कोबरला घेऊन ओढ्यावर गेले होते. मगरीची पाटी आहे, म्हणून लांबूनच गळ टाकला. दोन मासे मिळाले, एक निसटला, तो अर्थातच सगळ्यांत मोठा. बाराच्या सुमारास परतले तर वस्तीतल्या सगळ्या बायका मैदानात उभ्या. भर उन्हात, टोपी नाही, तान्ही पोरं कडेवर. एक पांढरी गाडी फाटकाकडे हळूहळू निघाली होती.

धावत जाऊन विचारलं, कुणाचं? ग्लेनिस म्हणाली, कुणाचंच नाही, आगीची कवायत होती. आणि मग जरा कडक आवाजात, तू कुठे होतीस? मी मासे दाखवले. तिने ते असे बघितले जसे मी तिच्या उशीवर ठेवलेत.

कोबर पुढच्या दाराने घरात यायला तयार नाही. मागच्याने आला. दारापाशी बूटपॉलिशचा वास येतोय. माझ्याकडे बूटच नाहीत.

७ नोव्हेंबर, मंगळवार

आज वर्षातली सगळ्यांत मोठी, कपची घोड्यांची शर्यत, अख्खा देश काम टाकून टीव्हीसमोर. केंद्रात मोठं जेवण, सगळ्या रिवाजाप्रमाणे पिसांच्या टोप्या घालून येणार. मीही कोंबडीची पिसं जमवून एक टोपी केली होती. पण ग्लेनिसने सांगितलं की माझ्याकडे एसी बघायला माणूस येईल, दहा ते तीन घरी थांब, जेवण पाठवते. माझा एसी चांगला चालतो. तसं म्हटलं तर म्हणाली, नियम आहे, बाळा.

थांबले. दोन तास थांबणं म्हणजे माझ्यासाठी तुरुंग. पाऊणला उठले, टोपी घातली, रस्त्यावर आंबेवाला दिसला त्याच्याशी बोलत बसले (त्याची बायको पूर्वी सर्कशीत होती), मग तासाभराने केंद्रात गेले.

आत कुणी नाही. टीव्ही चालू, घोडे पळतायत, निवेदक बोंबलतोय, ताटांत अर्धी खाल्लेली कोंबडी, एका ग्लासातला बर्फ अजून वितळतोय. मागच्या दाराने बाहेर बघितलं. सगळ्याजणी मैदानात. पिसांच्या टोप्या, गुलाबी, जांभळ्या, जाळीच्या, आणि सगळ्यांची तोंडं माझ्या घराकडे. माझ्या दारात पांढरी गाडी.

लोसाने मला आधी बघितलं. रडत होती. फुलांचं वावडं आहे म्हणाली. टोपीवरची फुलं कागदाची होती.

ग्लेनिस मात्र चिडली. म्हणाली, एवढंसं काम सांगितलं तर जमत नाही, तुझ्यासारख्यांना घर देऊन उपयोग काय? मग लगेच माझा गाल थोपटला, उन्हाने डोकं फिरलं म्हणाली. हात बर्फासारखा होता.

९ नोव्हेंबर

कॅलचं पत्र. उंटाने त्याचा टॉवेल खाल्ला. लिहितो, ब्री, तू तिथे आहेस म्हटल्यावर मला रात्री झोप लागते, पहिल्यांदाच कुणीतरी माझी वाट बघतंय. चार वेळा वाचलं. तो धड परत यायला हवा. बाकी मला काही नको, खरंच नको.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं क्रमाने, नीट लिहायला हवं.

डोकं दुखत होतं म्हणून घरीच होते. अकराला आंघोळीला निघाले, टॉवेल गुंडाळलेला. तेवढ्यात लांब, वस्तीच्या त्या टोकाला, फोन वाजला. उकाड्यामुळे सगळ्यांच्या खिडक्या उघड्या. थांबला. मग त्याच्या शेजारी वाजला. थांबला. मग त्याच्या शेजारी. नालेच्या वळणावरून फोन एकेक घर करत माझ्याकडे येत होता. मी मोजत राहिले. आठ. नऊ. एकेक दार उघडत होतं, बाया बाहेर पडत होत्या. बारा. तेरा, लोसाच्या स्वयंपाकघरात, भिंतीपलीकडे. तिने उचलला. ठेवला.

मी माझ्या फोनवर हात ठेवून उभी होते.

वाजला नाही.

लोसाचं दार वाजलं, पोरांची पावलं, गवतावर गेली. मग गाडी. मग माझ्या दारावर थाप, तीनदा, अगदी हलकी. काचेपलीकडे दोन टोप्या. कोबर पोटावर सरपटत पलंगाखाली गेला. माझा हात कडीवर होता. ओठांवर कॅलचं नाव आलं होतं, विचारणारच होते. मग लक्षात आलं, अंगावर टॉवेल आहे. एवढंच. बाकी काही शहाणपण नव्हतं. चड्डी शोधायला आत गेले आणि बाथरूममध्ये बसून राहिले. बाहेर फाइलचं पान उलटल्याचा आवाज येत होता. पुन्हा पुन्हा. दोन वाजेपर्यंत.

१५ नोव्हेंबर

लोसाला धरलं. कपडे वाळत घालत होती, चादरीआडून बोलली, तोंड दाखवलं नाही.

म्हणे, पलटण तिकडे असली की गाडी येते, मंगळवारी. तळावरून कुणी पाठवत नाही. फाइल कोरी असते. ज्या घरात कुणी असेल तिथेच थाप पडते, रिकाम्या घरापुढे गाडी नुसती थांबून जाते, म्हणून सगळ्या घराबाहेर पडतात. जी दार उघडेल तिचा माणूस त्याच दिवशी जातो. तीन वर्षांपूर्वी सहा नंबरच्या डॉनने उघडलं, लोसाने कुंपणावरून बघितलं. डॉन म्हणाली, काय झालं माझ्या रसेलला? आणि मगच त्या माणसाने पेन उघडलं. रसेल दुपारपर्यंत चांगला होता.

मी म्हटलं, मग कुणीच उघडू नका. लोसा म्हणाली, एक उन्हाळा तेही केलं. कुणीच उघडलं नाही. शेवटी एकदम अकरा गेले, एकाच ट्रकमध्ये. तेव्हापासून ठरलंय, एकीने उघडायचं, मग पलटण परतेपर्यंत गाडी येत नाही. पोरंबाळं नसलेल्या नवीन बाईने.

म्हणजे मी.

ठरलं कधी, विचारलं. तू येणार असं कॅलमने कळवलं तेव्हाच, म्हणाली, केंद्रात, सगळ्यांनी हात वर केले. मी विचारलं, तू? म्हणाली, मला तीन पोरं आहेत गं, बये.

ट्यूनाचा मॅकरोनी, लॅमिंग्टन, शेवया. ते स्वागताचं जेवण नव्हतंच. बळीच्या बकऱ्याला आधी घास भरवतात, तसं. आणि मी पातेलं चाटलं होतं.

तिचं पातेलं तिच्या पायाशी आपटून आले.

१८ नोव्हेंबर

कचेरीत गेले. तिथला कॅप्टन भला माणूस, पाणी दिलं. मार्चपासून अशी एकही गाडी पाठवलेली नाही म्हणाला, वही दाखवली. मग म्हणाला, घरचं माणूस लांब असलं की असं होतं, आपल्याकडे चांगली सोय आहे. आणि माझ्यासमोर ग्लेनिसला फोन लावला.

व्हॅन घेऊन पळून जाऊ का? कॅलचं पत्र इथेच येतं. त्याला सांगितलंय मी की थांबेन. दर मंगळवारी ओढ्यावर बसेन. बघू मला कोण घरी बसवतं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर ओढ्यावर. एक मासा नाही.

परतले तर पंधरा नंबरसमोर सामानाचा ट्रक. नवीन मुलगी, कर्स्टी, एकोणीस वर्षांची. नवरा दुसऱ्या तुकडीबरोबर गेला. पोटुशी आहे, सहावा महिना. तिच्या पायरीवर भांडी मांडलेली होती. ती हसून सांगत होती, किती चांगली माणसं आहेत ना इथली!

संध्याकाळी ग्लेनिस आली. आम्ही तुझ्याशी वाईट वागलो म्हणाली, डोळ्यांत पाणी होतं. साखळीचा नवा कागद दिला. आता शेवटची पंधरा, कर्स्टी. तेरा मला फोन करणार, मी पंधराला. करणार, किंवा... तिने वाक्य पुरं केलं नाही. माझा हात दाबला फक्त.

दार लावलं आणि मला बरं वाटलं. लिहून ठेवते. चांगलं पाच मिनिटं मला फार बरं वाटलं. कॅल वाचला, असं मनात आलं. मग बेसिनमध्ये ओकले.

२७ नोव्हेंबर, सोमवार

सहा दिवस कर्स्टीच्या दारावरून जाते आणि तोंड उघडत नाही. काय सांगू तिला? आज तिने बाळासाठी विणलेली टोपी दाखवली, एक कान मोठा, एक लहान.

लोसा कुंपणाशी आली. किती दिवसांनी बोललो. मी सांगून टाकलं, उद्या फोन आला की मी कर्स्टीला कळवणार, नाही उचलला तर घरात जाऊन ओढत बाहेर आणणार, मग काय व्हायचं ते होवो. लोसा म्हणाली, तू करशीलच, मला ठाऊक आहे. कुंपणावरून हात घालून माझे केस सारखे केले. आईसारखे.

वाटलं, निदान एक तरी आपली आहे.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

वही खिशात होती. पेन्सिलीने लिहितेय. कर्स्टीच्या स्वयंपाकघरात आहे.

फोन आला. माझा, या वेळी वाजला. लोसा फक्त म्हणाली, आली. मी लगेच पंधरा लावला. वाजतोय, वाजतोय, भिंतीतून ऐकू येतोय, कुणी उचलत नाही. धावत आले. दार ढकललं. हाका मारल्या. न्हाणीघर, बेडरूम, कपाटसुद्धा —

घरात कुणी नाही. पंखा चालू. बिछाना आवरलेला.

खिडकीतून मैदान दिसतंय. कर्स्टी तिथेच आहे. सगळ्यांच्या मधोमध, खुर्चीवर, डोक्यावर कुणीतरी छत्री धरलीय. हातात सरबत. तिला कधीच नेलंय. फोनच्या आधी.

पोटुशा पोरीचा बळी कोण देणार होतं? मला कळायला हवं होतं. त्यांना फक्त मंगळवारी मी एखाद्या घरात हवी होते. कुठल्याही. आणि मी कुठे जाणार हे एकीलाच माहीत होतं —

केस सारखे केले माझे. काल.

गाडी थांबली. दोन दारं वाजली.

उघडणार नाही. इथे ओट्याखाली बसेन, दोनपर्यंत. बसवेल. एकदा बसलेय. थाप ऐकू येत नाहीये अजून.

थाप नाही —

मी धावत आले होते. दार मीच उघडलं. लावलंच नाही.

बूटपॉलिशचा वास.

आत आलाय. एकच. दुसरा दारात. पन्नाशीचा, कनवाळू चेहरा, टोपी काखेत. फाइल उघडी, कोरी. पेन बंद. काही बोलत नाही. वाट बघतोय. मी लिहितेय, तो माझ्याकडे बघतोय. दोघांच्याही हातात कागद.

त्याला माहीतच नाही कुणाचं. त्याने कधी कुणाचं नाव आणलंच नव्हतं. डॉन म्हणाली, माझ्या रसेलला. प्रत्येकजण तेच म्हणाली असणार. दार उघडून आपल्याच माणसाचं नाव. दुसरं कुणाचं येणार तोंडात?

म्हणजे कुणाचंही चालेल.

कुणाचंही —

टाविता. तीनच अक्षरं. म्हटलं की कॅल घरी. ग्लेनिसचा नवराही चालेल. तेरा घरं आहेत. हात वर केले होते सगळ्यांनी.

लोसा दिसतेय. धाकटा तिच्या कडेवर. त्याच्या सायकलीला मी घंटा बसवली होती —

नाही म्हणवत.

नाही म्हणत. मी गप्प राहीन. तो उभा आहे तर उभा राहू दे. दात आवळलेत. मी नाव घेतलं नाही तर काही लिहिता येणार नाही त्याला —

लोसा पुढे आली. गवतावरून धावतेय. मला गप्प बघून घाबरली. तिला वाटतंय मी टाविताचं —

नाही गं, लोसा, मी नाही —

ओरडतेय. हुद्द्यासकट. कॉर्पोरल कॅलम रॅफ — आता मागून सगळ्याच — एका सुरात — माझ्या भावाचं —

त्याने पेन उघ